चढणीचे मासे : घरणी-मांजरेच्या नव्या पाण्यातली मासेमारी

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांमध्ये दर वसंतात सालमन मासा समुद्रातून वर चढतो. डोंगरावरचं बर्फ वितळून नद्या भरतात आणि काही वर्षं समुद्रात काढलेला हा मासा आपण जन्मलो त्याच नदीचा वास धरून उगमाकडे निघतो. कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणात, १९३८ सालापासून, माशांना वर जाण्यासाठी पायऱ्या आहेत आणि काचेच्या खिडकीतून वर जाणारा मासा मोजला जातो. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ भागात बर्फ नाही आणि समुद्रही शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही मृग-आर्द्राचा पाऊस पडून ओढ्याला गढूळ पाणी आलं, की धरणातला आणि डोहातला मासा इथेही उलट्या दिशेने, पाण्याच्या तोंडावर निघतो. हे चढणीचे मासे.

ही चढण कशामुळे होते, तेव्हा मासा कुठे थांबतो, गळ कसा बांधायचा आणि हाती लागलेला कुठला मासा परत सोडायचा, हे क्रमाने पाहू.

चढणीचा रस्ता

मांजरा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. धनेगावच्या धरणातून पुढे ती लातूर जिल्ह्यात येते, बीदर जिल्ह्यातून तेलंगणात उतरते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर, कुंडलवाडीच्या बाजूला गोदावरीला मिळते. घरणी ही तिची उपनदी. शिरूर अनंतपाळ तालुक्यात घरणी आणि साकोळ हे दोन मध्यम प्रकल्प आहेत आणि मांजरेवर डोंगरगावसारखे उच्चस्तरीय बंधारे आहेत.

उन्हाळ्यात नदीचं पात्र ठिकठिकाणी कोरडं पडतं. मासा धरणात, बंधाऱ्यामागे आणि उरलेल्या डोहांत गोळा होतो. त्यामुळे इथली चढण या साठ्यांपासून सुरू होते. धरणाच्या फुगवट्यातून वरच्या ओढ्याकडे, खालच्या डोहातून बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत, नदीतून शेताकडेच्या वगळीत, असा तिचा रस्ता. सालमन शेकडो किलोमीटर जातो. आपला मासा फार तर काही किलोमीटर जातो.

समुद्रातून गोदावरीत चढणारा मासाही आहे. तो हिलसा. आंध्रातल्या गोदावरीकाठी त्याला पुलसा म्हणतात आणि पुराच्या दिवसांत एकेका माशाला हजारो रुपये मोजले जातात. पण १८५२ साली राजमहेंद्रवरमजवळ धवळेश्वरमचा बंधारा पुरा झाला आणि त्याची वाट तिथे अडली. त्यानंतर गोदावरीवर श्रीरामसागर आणि खुद्द मांजरेवर निजामसागर व सिंगूर ही धरणं उभी राहिली. मांजरेच्या पाण्यात आज जे काही चढतं, ते सगळं गोड्या पाण्यातच जन्मलेलं आणि वाढलेलं असतं.

मासा का चढतो

रोहू, कटला, मृगळ यांसारख्या माशांच्या पोटात अंडी उन्हाळ्यातच तयार होऊ लागतात. दिवस मोठा होतो, पाणी तापतं, तशी ती पिकत जातात. पण साचलेल्या पाण्यात मादी ती टाकत नाही. त्यासाठी नवं पाणी लागतं. पावसाने पाणी गार होतं, त्यातला क्षार कमी होतो, वाहण्याने हवा मिसळते, पात्र काठाबाहेर पसरतं. हे सगळं एकदम घडलं, की माशाच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी संप्रेरकं सोडते आणि अंडी सुटायला तयार होतात. बंगालमध्ये पावसाचं पाणी घेणारे खास बांध घालून त्यात मासे विऊ देण्याची पद्धत आहे, ती याच स्वभावावर बेतलेली.

याचा पुरावा प्रयोगातून मिळाला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून मोठ्या कार्प माशांकडून अंडी घालून घेण्यात यश मिळवलं. नदीच्या पुराचं काम सुईने केलं. आज राज्यातल्या मत्स्यबीज केंद्रांत जे मत्स्यजिरे (नुकती अंड्यांतून आलेली पिल्लं) आणि बोटुकली (बोटभर वाढलेली पिल्लं) तयार होते, त्याची मुळं त्या प्रयोगात आहेत. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

एक किलो वजनाची रोहूची मादी साधारण दोन ते तीन लाख अंडी देते. ती पाण्यात फुगतात, चिकटत नाहीत आणि प्रवाहाबरोबर वाहत राहतात. पंधरा ते वीस तासांत त्यातून पिल्लं बाहेर येतात. इथे चढणीचा हिशेब कळतो. मासा वर जाऊन अंडी टाकतो, म्हणजे वाहत खाली येईपर्यंत ती फुटलेली असतात आणि पिल्लं पसरलेल्या उथळ, कोमट, खाऊने भरलेल्या पाण्यात पोचतात. सालमनची रीत वेगळी. त्याची मादी चार-पाच हजार अंडी वाळूगोट्यांत खड्डा करून पुरते आणि विल्यानंतर नर-मादी दोघेही मरतात. आपला मासा मरत नाही. पाणी उतरलं की तो परत डोहात येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढतो. म्हणून एक मोठी मादी वाचली, तर ती अनेक पावसाळे विते.

कोण कोण चढतं

पहिल्या पाण्यात सर्वांत आधी दिसतात ते बोटाएवढे, चांदीसारख्या खवल्यांचे मासे. हे थव्याने निघतात आणि बुडालेल्या गवताला अंडी चिकटवतात. दगडाला तोंडाने चिकटून ओल्या कातळावरूनही वर सरकणारे मळ्या जातीचे मासे खडकाळ ओढ्यात सापडतात. त्यांच्या मागे शिंगटी, शिंगाडा आणि वांब येतात. त्यांनाही विणीची घाई असतेच, शिवाय नव्या पाण्याने धुऊन आलेले किडे, गांडुळं आणि दुसऱ्यांची अंडी त्यांना खायला मिळतात. दख्खनच्या माशांचं वर्णन करणारे कर्नल साइक्स यांनी १८३९ साली इथल्या काही माशांची नोंद केली, तेव्हा लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावांत घेतली. ती आजही चालतात.

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेतल्या नद्यांचे. आपल्या धरणांत ते बोटुकलीच्या रूपाने सोडले गेले आणि रुळले. धरणाला मोठा पूर येतो, तेव्हा ते फुगवट्याच्या वरच्या टोकाला गोळा होतात.

मरळीचं सगळंच निराळं. तिला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे चिखलात अंग लपवून ती कोरडे दिवस काढते आणि ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जाते. काठाच्या गवतात, उथळ शांत पाण्यात ती विते आणि नर-मादी पिल्लांची राखण करतात. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ तांबूस पिल्लांचा घोळका हलताना दिसला, तर खाली मरळ आहे हे नक्की समजावं.

केव्हा आणि कुठे

लातूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, पण मृगाची पहिली सर जमीनच पिऊन टाकते. काळ्या जमिनीच्या भेगा मिटल्याशिवाय ओढा धावत नाही. चढणीसाठी नुसता पाऊस पुरत नाही, ओढ्याचं पाणी अखंड वाहत नदीला किंवा धरणाला मिळावं लागतं. कधी हे आर्द्रात घडतं, कधी पोळ्याच्या आसपास. मोठा खंड पडला तर चढण दोन हप्त्यांत होते.

पाणी आल्यावर मासा सगळीकडे नसतो, ठरावीक जागीच असतो. धारेच्या मध्याला राहून तो दम घालवत नाही. मोठ्या दगडाच्या मागे, पुलाच्या खांबाच्या आडोशाला, वळणावर जिथे पाणी उलटं फिरतं तिथे, आणि दोन पाण्यांच्या संगमावर गढूळ व निवळ यांची रेघ दिसते तिथे तो विसावतो. ओढा धरणाला मिळतो ती जागा सर्वांत भरवशाची. बंधाऱ्याच्या खाली पाणी आपटून फेस होतो, त्याच्या कडेच्या संथ पट्ट्यातही मासा साचतो, कारण पुढे रस्ता नसतो.

वेळ पाहायची तर पूर चढत असताना गळाला फारसं लागत नाही. पाण्यात काडीकचरा असतो आणि माशाचं लक्ष चढण्यावर असतं. वसंतातला सालमनही नदीत शिरला की खाणं सोडतो. त्याला गळाला लावायचं तर चमकत्या पत्र्याने किंवा अंड्यांच्या गोळ्याने चिडवावं, भुलवावं लागतं. आपल्याकडे पाणी उतरू लागून चहाच्या रंगावरून हिरवट झाकेकडे वळतं, तेव्हा मासा पुन्हा खाऊ लागतो. गळाचे खरे दिवस ते. पहाट आणि दिवेलागण या दोन वेळा चांगल्या. वांब मात्र दिवसा दगडाखाली लपते आणि अंधार पडल्यावर बाहेर येते.

गळ बांधणं

काठी वेळूची, सरळ पेराची, माणसाच्या उंचीच्या दीड-दोन पट. शेंडा लवचीक हवा, कारण झटका तो सोसतो. काठीएवढीच किंवा हातभर जास्त तंगूस (नायलॉनचा दोरा) घ्यावी. लहान माशाला पाव मिलिमीटर जाडीची पुरते, मरळ किंवा शिंगाड्यासाठी त्याहून जाड लागते. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे नव्या माणसाने दुकानात लक्षात ठेवावं. लहान माशाला दहा-बारा नंबर, रोहूला सहा-आठ आणि मरळीला त्याहून मोठा गळ.

गळ बांधताना तंगूस नाकातून ओवून स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, टोक पहिल्या फासातून काढावं, थुंकीने ओलं करून हळू आवळावं. कोरडी गाठ आवळली तर तंगूस घासून तिथेच कमजोर होते आणि मासा नेमका तिथे तोडतो. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा तुकडा दाबावा. त्याच्या वर तरंगा. मोराच्या पिसाचा दांडा उत्तम, नाहीतर ज्वारीच्या धाटाचा वाळलेला तुकडाही चालतो. शिसं इतकंच असावं, की तरंग्याचं फक्त टोक पाण्यावर राहील. तरंगा जड बसवला तर हलकी ओढ दिसत नाही, आणि हलका ठेवला तर वाऱ्याने नाचतो.

खाऊ माशाप्रमाणे बदलतो. गांडूळ जवळजवळ सगळ्यांना चालतं. ते गळावर नीट ओवून टोकाला थोडं वळवळतं ठेवावं. रोहू आणि मृगळाला कणकेची गोळी, त्यात भुईमुगाची पेंड मिसळली तर जास्त बरं. गोळी पाण्यात लगेच विरघळू नये म्हणून कणीक घट्ट तिंबावी. मरळीला जिवंत हालचाल हवी, म्हणून लहान मासा किंवा बेडकी. शिंगाड्याला झिंगा किंवा माशाचा तुकडा, तळाला टेकलेला.

खोली आधी मोजावी. नुसतं शिसं सोडून तळ कुठे लागतो ते पाहावं आणि त्याप्रमाणे तरंगा वरखाली सरकवावा. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, कटला वरच्या थरात. एकाच डोहात तिघांना तीन वेगवेगळ्या खोलीवर गळ लागतो.

ओढ ओळखणं

तरंगा सारखा टुकटुक हलत असेल, तर लहान मासे खाऊ कुरतडत आहेत. झटका देऊ नये. रोहू खाऊ तोंडात घेऊन थुंकतो, पुन्हा घेतो, तेव्हा तरंगा दोनदा दबून तिरका सरकू लागतो. सरकायला लागला की मनगटाने वर ओढायचं, अख्ख्या हाताने नाही. शिंगाडा सरळ खाली नेतो. मरळ खाऊ धरून थोडं अंतर जाते आणि थांबून गिळते. घाई केली तर ती सोडून देते. वांब दगडात शिरते, म्हणून ती लागताच ताण सोडू नये.

मोठा मासा लागला तर ओढून बाहेर फेकायचा प्रयत्न करू नये. काठी उभी धरावी, तंगूस ताणलेली ठेवावी, त्याला धावू द्यावं आणि दमल्यावर उथळ काठाकडे आणावं. शिंगटी आणि शिंगाड्याच्या छातीच्या परांना व पाठीवर टोकदार काटे असतात. ते लागले की हात सुजून ठणकतो. मागून, काट्यांच्या पुढे-मागे बोटं ठेवून धरावं किंवा ओल्या फडक्यात घ्यावं. वांबीच्या पाठीवरही बारीक काट्यांची रांग असते.

जाळ्याबद्दल

घरणी-मांजरेकाठी भोई समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकत आली आहेत. गोल फेकजाळं कोपरावर आणि खांद्यावर घडी घालून, कमरेतून वळत फेकलं जातं. ते हवेत पूर्ण उघडून पाण्यावर पडलं, की कडेच्या शिशांनी खाली बसतं आणि मासा आत राहतो. धरणात उभी जाळी संध्याकाळी लावून पहाटे काढतात. हवा भरलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलवर बसून हे काम चालतं.

जाळ्याचा आस, म्हणजे डोळा, किती मोठा, यावर सगळं अवलंबून असतं. मोठ्या आसातून बोटुकली निसटते आणि वाढते. मच्छरदाणीच्या कापडातून काहीच निसटत नाही. ओढ्यात आडवा दगडांचा बांध घालून तोंडाला मच्छरदाणी लावली, तर एका रात्रीत त्या ओढ्याची वर्षाची वीण संपते. धरण किंवा तलावाचा मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि बोटुकली संस्था स्वतःच्या पैशाने सोडते. तिथे गळ टाकण्याआधी संस्थेला विचारणं ही साधी रीत आहे.

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. शेतीपंपाच्या तारेचा करंट पाण्यात सोडणारे माशाबरोबर स्वतःचाही जीव धोक्यात घालतात.

कोणता मासा सोडायचा

विणीच्या दिवसांत मादीचं पोट फुगलेलं, मऊ असतं आणि मागच्या छिद्राशी तांबूस फुगवटी दिसते. नराचं पोट सपाट, हलकं दाबलं तर दुधासारखा द्रव येतो आणि छातीचे पर हाताला खरखरीत लागतात. फुगलेल्या पोटाची मादी लागली तर हात ओले करून धरावी, गळ हलक्याने काढावा, पाण्यात तोंड धारेकडे करून क्षणभर आधार द्यावा आणि ती स्वतः निघाली की सोडावी. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा नंतर रोगाने मरतो. पिल्लांची राखण करणारी मरळ तर गळाने चिडवून काढूच नये. ती गेली की घोळक्यातली पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

याचा हिशेब शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. चढणीच्या आठवड्यात मादी खाणं म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाणं दळून खाणं.

बंधारा आणि दुष्काळ

चढणीला आजचा मोठा अडथळा बंधाऱ्यांचा आहे, पण सगळे बंधारे सारखे नाहीत. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याच्या तोंडावर काढतात आणि पाऊस सरताना पुन्हा बसवतात. फळ्या वेळेवर निघाल्या तर मासा त्या मोकळ्या गाळ्यांतून वर जातो. मांजरेवरच्या उच्चस्तरीय बंधाऱ्यांना उचलायची लोखंडी दारं आहेत. दारं उघडी असतील तेवढाच वेळ वाट मोकळी, आणि तेव्हाही धार इतकी जोराची असते की लहान मासा मागे फेकला जातो. धरणाच्या भिंतीवरून तर वाट नाहीच. म्हणूनच आपल्या धरणांत दरवर्षी बोटुकली सोडावी लागते.

२०१५-१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा वर्षानंतर नदीत मासा परत येतो तो तीन वाटांनी. सोडलेली बोटुकली, चिखलात तगलेली मरळीसारखी चिवट जात, आणि न आटलेल्या एखाद्या खोल डोहातून चढून आलेले मासे. यातल्या पहिल्या वाटेला पैसे लागतात. बाकी दोन फुकट मिळतात, पण त्यासाठी गावाने एखादा डोह राखावा लागतो, त्यातला गाळ-वाळू उपसून तो मोडू नये.

जिवाची काळजी

आभाळ गडगडू लागलं की काठी खाली ठेवून पात्रातून बाहेर यावं. उघड्या रानात ओली वेळूची काठी उभी धरणं म्हणजे विजेला बोलावणं. वर पाऊस झाला असेल तर इथे ऊन असतानाही पाणी वाढतं. पाण्यात अचानक पालापाचोळा आणि फेस वाहत आला, की पूर मागे आहे असं समजावं. बंधाऱ्याची दारं उचलणार असतील तर त्याखालच्या खडकावर बसू नये. लहान मुलांना नव्या पाण्यात एकटं पाठवू नये, कारण वाळू उपशाचे खड्डे गढूळ पाण्याखाली दिसत नाहीत.

घरणी आणि मांजरेच्या काठाला राहणाऱ्या आणि गळ धरणाऱ्या प्रत्येकाने एवढं पाळावं : ओढा पहिल्यांदा धावतो तो आठवडा माशाला द्यावा, जाळं-गळ दोन्ही घरी ठेवावं, आणि पाणी निवळल्यावर पुढे पोटभर मासेमारी करावी. ग्रामसभेने हा एक आठवडा ठरावात घातला, तर त्याला कुठल्याही निधीची गरज लागणार नाही.